सात वर्षांच्या लेकराचं तोंड एकदा उघडून बघा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय काय म्हणून विचारलं तेव्हा मी सांगितलं, लहान मुलांचे दात. सचिव साहेब हसले. म्हणाले, काका, तुम्ही सूतगिरणीतले माणूस, दातांवर काय बोलणार? त्यांचं चुकलं नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते रातपाळी करून, दिवसा वाचनालयात बसून. मी डॉक्टर नाही. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती माझ्या पोरीला भोगावी लागली. तेवढ्या अधिकाराने बोलतो.

माझी थोरली मुलगी सात वर्षांची असताना तिचे दुधाचे दात पडून पुढचे पक्के दात आले. आपलं तोंड मिटलं की वरचे दात खालच्या दातांच्या थोडे पुढे बसतात, डब्याचं झाकण डब्यावर बसतं तसे. तिचे उलटे बसले. वरचे आत, खालचे बाहेर. माझी आई म्हणाली, आजोबावर गेली आहे, त्यांचीही हनुवटी अशीच होती. आम्ही सारे हसलो. कौतुकच वाटलं. नऊ वर्षांची झाली तेव्हा शाळेत पोरं चिडवायला लागली, म्हणून एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आत्ता काही करायचं नाही, सगळे दुधाचे दात पडू द्या, मग पाहू. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. नागपूरला जायचं म्हणजे एक खाडा, तो वाचला.

ती सोळा वर्षांची झाल्यावर मी तिला वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि पहिला प्रश्न मलाच केला, सात-आठ वर्षांची असताना का नाही आणलं? माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आता हाडाची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायचं, मग तारा बसवायच्या आणि जबड्याचं ऑपरेशन करायचं, असं ते म्हणाले. ऑपरेशन म्हटल्यावर घरात रडारड झाली. ते काही आम्ही केलं नाही. आज ती दोन लेकरांची माय आहे. सुखात आहे. पण अजूनही हसली की पदर तोंडावर नेते. तिच्या लग्नाचा अल्बम पाहा, एकाही फोटोत दात दिसत नाही.

आता सात हे वय का, ते समजून घ्या. लहान मुलाला एकूण २० दुधाचे दात असतात, साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत ते सगळे येतात. सहाव्या वर्षाच्या आसपास दोन गोष्टी घडतात. पुढचे दुधाचे दात हलायला लागतात, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. दुसरी गोष्ट पुष्कळ घरांत कळतच नाही. दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, एक मोठी दाढ गुपचूप वर येते. ती पक्की दाढ असते, जन्मभराची. आई समजते दुधाचीच आहे, पडेल. तिला कीड लागली तरी कोणी बघत नाही. सातव्या वर्षापर्यंत ही दाढ आणि पुढचे काही पक्के दात आलेले असतात, म्हणून वरचा जबडा खालच्यावर कसा बसतो ते तज्ज्ञाला पाहता येतं. आणि जबड्याचं हाड अजून वाढत असतं, कोवळं असतं. अमेरिकेतली दंततज्ज्ञांची संघटनासुद्धा हेच सांगते की मुलाची पहिली तपासणी सात वर्षांच्या आत व्हावी. तपासणी म्हणतो मी, तार बसवणं नव्हे. बहुतेक मुलांना त्या वयात काहीच करावं लागत नाही, डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी दाखवा.

मग घरच्या माणसाने बघायचं काय? मुलाला उजेडात बसवा, दाढा एकमेकींवर टेकवून तोंड मिटायला सांगा आणि ओठ हलकेच बाजूला करा. माझ्या मुलीसारखे पुढचे दात उलटे बसले असतील, मग ते चार असोत की एकच, तर थांबायचं नाही. एकच दात आत बसला तर लोक म्हणतात, एवढ्याने काय होतं? गिरणीत दातेरी चाकाचा एक दाता वाकला की समोरच्या चाकाचा दाता झिजतो, हे तिथल्या पोरालाही माहीत असतं. इथंही तसंच आहे. समोरच्या खालच्या दातावर रोज मार बसतो, त्याची हिरडी खाली सरकते, तो हलायला लागतो.

मग बाजूच्या दाढा पाहा. एका बाजूला वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील तर तोंड मिटताना मूल जबडा एका बाजूला सरकवतं. नीट पाहिलं तर हनुवटी मधून जरा हटलेली दिसते. ते तसंच वर्षानुवर्षं चाललं तर जबडाच एका अंगाने जास्त वाढू शकतो.

काही मुलांच्या दाढा टेकल्या तरी पुढचे दात एकमेकांना लागत नाहीत, मधून जीभ दिसते. असं पोर पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडू शकत नाही, पेरू बाजूच्या दातांनी खातं. आपण म्हणतो, जेवायला कुरकुर करते. यामागे बरेचदा अंगठा चोखण्याची सवय असते. तान्ह्या मुलाने अंगठा चोखला तर त्यात काही वावगं नाही, बहुतेक मुलं तीन-चार वर्षांत आपोआप सोडतात. त्यानंतरही चालू राहिली तर सवय सोडवायला लागावं, आणि पक्के दात यायच्या आधी ती सुटलीच पाहिजे. मिरची लावून आणि मारून मात्र सुटत नाही, मी धाकट्या मुलावर करून पाहिलं आहे. पोरगं लपून चोखायला लागलं. त्याच्या आईने रात्री हाताला मोजा घालून आणि रोज सकाळी शाबासकी देऊन दीड महिन्यात सोडवली.

रात्री मूल झोपल्यावरही एकदा बघा. सर्दी नसताना रोज तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल, उशी लाळेने ओली होत असेल, तर नाकाच्या मागची गाठ वाढलेली असू शकते किंवा ॲलर्जी असू शकते. कायम तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाचा वरचा जबडा अरुंद राहण्याचा धोका असतो. अशा वेळी दातांच्या डॉक्टरांच्या जोडीने नाक-कान-घशाचे डॉक्टरही लागतात.

दात फार पुढे आलेल्या मुलांविषयी दोन शब्द. त्यांना आपल्याकडे फावड्या म्हणतात. पोरं म्हणतात ते म्हणतात, मोठी माणसंही म्हणतात, याची लाज वाटली पाहिजे. अशी मुलं पडली की पुढचा दात तुटण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. ज्याचे दात ओठाबाहेर दिसतात आणि जो दिवसभर सायकलवर असतो त्याला लवकर दाखवा. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढे आलेले दात सात-आठव्या वर्षी मागे घेतले काय किंवा बारा-तेराव्या वर्षी घेतले काय, शेवटी जवळपास सारखेच बसतात, असं या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांना आढळलं आहे. लवकर करण्याचा मुख्य फायदा म्हणजे दात फुटण्यापासून वाचतात. तेव्हा कोणी घाबरवून मोठं बिल मांडायला लागलं तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. मोबाईलवर पारदर्शक साच्यांच्या जाहिराती येतात, त्या पाहून तर काहीच ठरवू नका.

आणि कोणाचा पक्का दात पडून मुळासकट बाहेर आलाच, तर तो मुळाला न धरता वरच्या बाजूने धरा, हलकेच धुऊन जागेवर बसवा, नाही जमलं तर दुधात टाका आणि तासाभरात डॉक्टर गाठा. तो पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

दुधाच्या दाढांबद्दल आपल्या वस्तीत फार बेफिकिरी आहे. कीड लागली की, पडणारच आहे, काढून टाका. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात, त्या खालच्या पक्क्या दाताची जागा राखून ठेवतात. सहाव्या वर्षीच काढली तर मागची पक्की दाढ पुढे सरकते, आणि नंतर येणाऱ्या दाताला जागाच राहत नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरतो ना आपण, रुमाल उचलला की गेली जागा. म्हणून कीड भरून घ्या. काढावीच लागली तर जागा राखणारी तारेची छोटी कडी बसवतात, ती विचारा.

आता न घाबरण्याच्या गोष्टी. वरच्या दोन मोठ्या दातांत फट असली, दात पंख्यासारखे पसरलेले दिसले, तर आठ-नऊ वर्षांच्या वयात ते बरेचदा नैसर्गिक असतं. अकरा-बारा वर्षांचे सुळे उतरले की फट पुष्कळदा आपोआप मिटते. खालच्या दुधाच्या दातांमागे दुसरी रांग उगवली तरी धावपळ नको, दुधाचा दात हलत असेल तर पडतो आणि मागचा दात जिभेच्या जोराने पुढे येतो. हलतच नसेल तर दाखवा. पण एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा जोडीदार आलाच नाही, तर एक्स-रे काढून घ्यावा. वाटेत एखादा जास्तीचा दात अडून बसलेला असू शकतो.

माझ्या नातवाचं सांगायचं राहिलं. मुलीचा थोरला मुलगा. साडेसहा वर्षांचा असताना त्याने एक दिवस संत्र्याची फोड तोडली आणि मला त्याची खालची दातांची रांग पुढे दिसली. हे आनुवंशिक असतं, आमच्या घरात चौथी पिढी. मी दुसऱ्याच दिवशी खाडा टाकला.

डॉक्टरांनी सांगितलं की बरेचदा खालचा जबडा फार मोठा असतो असं नाही, वरचाच मागे राहिलेला असतो. त्यांनी त्याच्या टाळूला मधोमध स्क्रू असलेली एक चौकट दाढांवर चिकटवून बसवली. टाळूच्या मधला सांधा लहानपणी पक्का झालेला नसतो, म्हणून तो रुंदावता येतो. घरी किल्लीने स्क्रू फिरवायचं काम माझ्याकडे आलं, साच्यावर पाने फिरवलेला हात ना! थोड्या दिवसांत पुढच्या दोन दातांत मोठी फट पडली. मुलगी घाबरली, पण डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानंतर चेहऱ्यावर लावायची चौकट दिली. कपाळाला आणि हनुवटीला टेकू, मधून दांडी, आणि तोंडातल्या आकड्यांपासून त्या दांडीपर्यंत रबर. रोज चौदा तास लावायचं, झोपेतसुद्धा, कित्येक महिने. पहिले आठ दिवस पोर रडलं. मग आम्ही सांगितलं की ही विकेटकीपरची जाळी आहे. आता स्वतःच रबर लावतो. वरचे दात बाहेर आले आहेत.

पुढे ऑपरेशन लागणारच नाही, अशी हमी डॉक्टरांनी दिलेली नाही. वयात येताना खालचा जबडा पुन्हा झेप घेऊ शकतो. ब्रिटनमध्ये दहा वर्षांखालच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ही चौकट लावली त्यांच्यात सहा वर्षांनी ३६ टक्के मुलांना ऑपरेशन लागेल असं तज्ज्ञांनी ठरवलं, ज्यांना नाही लावली त्यांच्यात ६६ टक्के. मी मुलीला हे आकडे वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, बाबा, मी कोणत्या आकड्यात असते? त्यावर मी काय सांगणार होतो?

कुठे जायचं? नागपूरला मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासून. तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे आणि ऑर्थोडॉन्टिक्सचा, म्हणजे वाकडे दात-जबडे सरळ करण्याचा वेगळा. खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी. गर्दी असते, सकाळची पहिली गाडी धरा, डबा सोबत ठेवा, एका खेपेत होत नाही हे मनात धरून जा. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीची गाडी येते, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झालेला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा असं त्याचं वेळापत्रक आहे. किडके दात, फाटलेला ओठ, फाटलेली टाळू हे त्यांच्या यादीत आहे. पण दात उलटे बसतात हे त्यांच्या घाईत सुटू शकतं. त्या दिवशी आईने शाळेत जाऊन स्वतः दाखवायचं.

आपल्या विहारात रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. मागच्या महिन्यात मी तिथे बसून मुलांना फक्त हसायला लावलं. दोन मुलांचे दात मला उलटे वाटले. त्यांच्या आईवडिलांना मी बाजूला घेऊन सांगितलं आहे, इथे नावं घेत नाही. त्यातला एक बाप म्हणाला, सगळे दात पडू द्या, मग पाहू. तेच वाक्य. तोंडात खर्रा होता त्याच्या. मी म्हटलं, बावा, तुझे दात गेले तर जाऊ दे, पोराचे तरी दाखवून ये. पुढच्या सोमवारी मी नातवाला घेऊन नागपूरला जाणार आहे. त्याला म्हटलं, माझ्यासोबत चल, केसपेपर काढून देतो. हो म्हणाला आहे, येतो का ते पाहायचं.

माझी पंधरा मिनिटं संपली, सचिव साहेब घड्याळ दाखवत आहेत. भोजनदान झाल्यावर मी बाहेर ओट्यावर बसतो. टॉर्च आणली आहे. पाच ते दहा वर्षांची लेकरं असतील त्यांनी घेऊन यावं. रोग सांगणार नाही, ते माझं काम नाही. दाखवून या एवढंच सांगेन, किंवा पुढच्या वर्षी पुन्हा बघू. जयभीम.