जहाजाच्या पोटातला गाळ



पावसाळ्यात पांझरा नदीचं पाणी घागरीत भरून ठेवलं, की सकाळी वर नितळ पाणी आणि तळाला बोटभर गाळ. जहाजातही हेच घडतं. फक्त तिथली घागर हजारो टनांची असते.

माल उतरवला की जहाज हलकं होतं, लाटांवर डोलू लागतं. म्हणून बंदरातलंच पाणी टाक्यांत भरून घेतात. त्याला बॅलास्ट म्हणतात. बंदर नदीच्या मुखाशी असलं, तर चिखलही आत येतो. पुढच्या बंदरात पंप पाणी बाहेर फेकतो, चिखल मात्र पोलादी फासळ्यांच्या आड बसून राहतो. थर वाढला की तेवढा माल कमी न्यावा लागतो, पंपाचं तोंड तुंबतं, ओल्या गाळाखाली पत्रा गंजतो.

मग माणसंच आत उतरतात, फावडं-बादली घेऊन. गंजणारं लोखंड हवेतला प्राणवायू खातं. बाहेर तो एकवीस टक्के असतो. बंद टाकीत जीव जाण्याइतका घटू शकतो. जुन्या विहिरीत आधी कंदील सोडून पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जहाजावर कंदिलाच्या जागी मापकयंत्र असतं आणि झाकणाशी एक माणूस उभा. आतला कोसळला तरी झाकणाशी उभ्या असलेल्याने तसंच आत उतरायचं नाही, आधी हाक द्यायची. हा नियम मोडला, की एकाचे दोन बळी जातात.

शिवाय हा गाळ जिवंत असतो. ऑस्ट्रेलियात एकाच जहाजाच्या गाळात विषारी सूक्ष्म शेवाळाची तीस कोटींहून अधिक सुप्त बीजं असावीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज निघाला. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरची एक शिंपली तर जहाजांबरोबर विशाखापट्टणमला आली आणि मुंबईच्या गोद्यांतही रुजली. असे परके जीव शोधायला मुंबई बंदराची जीवपाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. जहाजांचं बॅलास्ट पाणी आणि गाळ आवरण्यासाठी २००४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, तो ८ सप्टेंबर २०१७ रोजी लागू झाला.

त्याच २०१७ साली आपल्याकडे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. धरणातला गाळ शेतात पडला की पीक तरारतं. जहाजाचा गाळ मात्र कुठेही ओतता येत नाही. आपण ट्रॉलीच्या खेपा मोजतो, तशी जहाजावर त्याची नोंद वहीत होते: किती काढला, कुठे दिला.