डोक्यातल्या विचारांचाही हिशोब मांडू या
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



आज मला आरोग्यावर बोलायला सांगितलंय. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. पण आरोग्य म्हटलं की आपण रक्त कमी, बीपी, साखर एवढंच धरतो. रात्री तीनला डोळा उघडतो, छातीत धडधडतं, डोक्यात तेच ते चक्र फिरत राहतं, त्याला मात्र म्हणतो, "काही नाही, जरा टेन्शन आहे." आज त्या टेन्शनबद्दलच बोलू.

माझंच सांगते. शेळ्यांसाठी गटातून 20,000 रुपये कर्ज घेतलं. पावसाळ्यात दोन शेळ्या दगावल्या आणि दोन हप्ते थकले. मी बैठकीला जाणंच बंद केलं. पहिल्यांदा सांगितलं ताप आहे, मग सांगितलं पाहुणे आलेत. घरी बसून बरं वाटेल असं वाटलं होतं, पण उलटंच झालं. सचिव ताई रस्त्यात दिसल्या तरी मी दुसऱ्या गल्लीनं जायची. टाळलं तेवढी भीती वाढत गेली.

शेवटी दवाखान्यात समुपदेशक ताई भेटल्या. त्या म्हणाल्या, "गटाचा हिशोब वहीत मांडता ना? मग विचाराचाही मांडा." या पद्धतीला सीबीटी म्हणतात. आरॉन बेक नावाच्या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ती 1960 च्या दशकात मांडली. तिचं सार साधं आहे. घटना एक असते, तिच्यावर मन जो विचार जोडतं तो दुसरा. त्या विचारातून भीती येते आणि भीतीपोटी आपण वागतो.

मी वहीत लिहिलं. घडलेलं काय? दोन हप्ते थकले. मनानं जोडलेलं काय? "सगळ्या मला बुडवी म्हणतील, पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही."

मग पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला विचार खरा असल्याचा पुरावा लिहिला : हप्ते थकलेत. दुसऱ्या बाजूला खरा नसल्याचा : आधीचं 10,000 चं कर्ज मी पूर्ण फेडलंय. दुसऱ्या एकीचा हप्ता थकला तेव्हा गटानं ठराव करून मुदत दिली होती. सचिव ताई दोनदा घरी आल्या, त्या विचारपूस करायला, भांडायला नाही. आणखी एक प्रश्न विचारला : माझ्या जागी मैत्रीण असती तर मी तिला काय म्हटलं असतं? बुडवी नक्कीच म्हटलं नसतं.

दोन्ही बाजू वाचून नवीन वाक्य लिहिलं : "हप्ते थकलेत, गट विचारणारच. कारण सांगून मी मुदत मागू शकते." बघा, यात खोटा धीर नाही. अडचण तेवढीच राहिली, फक्त भीतीनं फुगवलेला भाग गळाला.

पुढच्या बैठकीला गेले. एकीनं टोचून बोललंच. पण बाकीच्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. उरलेल्या शेळ्यांना लस टोचून घेतली. अजून चार हप्ते बाकी आहेत, पण झोप लागते.

तुम्ही घरी काय कराल?

छाती धडधडली तर आधी श्वास. चार आकडे मोजत आत, सहा मोजत सावकाश बाहेर. पाच मिनिटं.

मग विचार लिहा आणि पुरावा तपासा. लिहिता येत नसेल तर खडे घ्या. खरा असल्याचा एक पुरावा, इकडे एक खडा. नसल्याचा, तिकडे.

काळजीचे दोन भाग करा. पाऊस कधी पडेल, हे आपल्या हातात नाही. बियाण्याची चौकशी हातात आहे. हातातलं एक छोटं काम आजच करा.

दिवसभर काळजी येत राहते? तिला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी 15 मिनिटं. मधे आली तर म्हणा, "आता नाही, सहाला ये." झोपायच्या वेळची वेळ मात्र देऊ नका.

आणि टाळू नका. जिथं जायची भीती वाटते तिथं मैत्रिणीला सोबत घेऊन जा.

झिम्बाब्वे देशात प्रशिक्षण घेतलेल्या आज्या दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून लोकांचं ऐकतात आणि एकेक अडचण सोडवायला मदत करतात. तिथं या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे तर दर आठवड्याला बैठक आहे. वसुलीनंतर दहा मिनिटं एकमेकींचं ऐकू या. ऐकलेलं बाहेर मात्र न्यायचं नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. घरात मारहाण होत असेल तर "विचार बदल" असं मी कोणाला सांगणार नाही. तिथं मदतच हवी, 181 ला फोन करा. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामात मन नाही, तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि गटातली एखादी सलग दोन बैठकांना आली नाही, तर दंड लिहिण्याआधी तिच्या घरी जाऊन या. माझ्या घरी कोणी आलं होतं, म्हणून मी आज इथं उभी आहे.