अप्सरांच्या तावडीत सापडलेला सॅटिर
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

जेवणानंतर चित्रकलेवर बोलायचं म्हणजे अर्ध्या सभागृहाला डुलकीचं आमंत्रण, म्हणून सरळ चित्रापाशीच येते.

मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्सटाऊनला क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूट आहे. तिथे विल्यम बुगरो या फ्रेंच चित्रकाराचं १८७३ सालचं चित्र आहे, अडीच मीटरहून उंच. चार वनदेवता एका सॅटिरला पाण्यात ओढताहेत. सॅटिर म्हणजे वर माणूस, खाली बोकड. मद्यदेव बॅकसच्या गोतावळ्यातला. एरवी हाच पऱ्यांच्या मागे लागणार! इथे डाव उलटलाय. बिचाऱ्याला पोहता येत नाही, म्हणून तो खूर रोवून मागे रेटतोय. मागच्या झाडीत आणखी मैत्रिणी आहेत आणि चौघींतली एक त्यांना हात करून बोलावतेय. गोपींनी कृष्णाला घेरावं तसा प्रकार, फक्त भक्ती वजा!

आता प्रश्न असा, की त्या काळच्या सोवळ्या समाजाला हे चाललं कसं? तर पुराणाच्या नावावर. १८६३ मध्ये कॅबानेलने विवस्त्र व्हीनस रंगवली, ती खुद्द सम्राट तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतली. त्याच वर्षी मानेने 'ऑलिंपिया' रंगवली. १८६५ च्या सलोन प्रदर्शनात ती लागली आणि गदारोळ उडाला, कारण ती देवी नव्हती. पॅरिसमधली बाई होती आणि थेट प्रेक्षकाकडे बघत होती. मला विचाराल तर यात ढोंग आहेच.

बुगरोचं चित्र पुढे अमेरिकेत आलं आणि १८८२ पासून न्यूयॉर्कच्या हॉफमन हाऊस हॉटेलच्या बारमध्ये टांगलं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते उतरवलं, मग कितीतरी वर्षं गोदामात! १९४२ मध्ये स्टर्लिंग क्लार्क यांनी ते घेतलं. तोवर बुगरो हे नाव चेष्टेचा विषय झालं होतं. देगा आणि मंडळी त्याच्या गुळगुळीतपणाची टिंगल करतच होती. टिंगल अगदीच खोटी नाही. त्या पऱ्यांच्या तळव्यांना माती लागलेली दिसत नाही. पण ताणलेला दंड, मुरडलेली कंबर, एकमेकींत गुंतलेले हात हे असं रंगवायला हयात घालवावी लागते. आपल्या राजा रविवर्म्याने याच युरोपीय धाटणीच्या तैलरंगात आपली पुराणं रंगवली आणि त्याच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. त्यामुळे 'हे आपलं नाही' असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

आणि एक गोष्ट, जी मला चित्रापेक्षाही जवळची वाटते. चित्रातल्या सगळ्या बायका. पण सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझार्तमध्ये, बाईला १८९७ पर्यंत प्रवेश नव्हता. आपल्या शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झिटरची एलिझाबेथ गार्डनर पॅरिसला गेली, तेव्हा चित्रकलेच्या वर्गात बसता यावं म्हणून तिने पुरुषी वेश घातला. १८८७ मध्ये सलोनचं पदक मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री ठरली. बुगरो तिचा गुरू आणि वाग्दत्त वर; पण सासूबाईंचा विरोध! ओळखीचं वाटतंय ना? साखरपुडा १८७९ चा, लग्न १८९६ मध्ये, सासूबाई गेल्यावर. वधू ५८ वर्षांची, वर ७० चा.

विल्यम्सटाऊनला जाल तेव्हा मुलांनाही न्या. ती काहीतरी विचारतीलच. त्यांना आधी सॅटिरचे खूर बघायला सांगा, मग गार्डनरबाईंची गोष्ट सांगा.