बाटली दीडशेची, नुकसान हजारोंचं



बोअरचं पाणी असलेल्या घरांत वॉशिंग मशीनच्या ड्रमवर पांढरा थर धरतो. मग दुकानातून थर काढायचं द्रावण येतं. बाटलीवर ठसठशीत लिहिलेलं असतं, 'सर्व प्रकारच्या मशीनसाठी सुरक्षित'. थर जातो खरा, पण काही दिवसांनी ड्रमवर तपकिरी ठिपके उमटतात, दाराचं रबर चिकट होतं, एक दिवस मशीनखाली पाण्याचं थारोळं दिसतं. मशीन कंपनीचा मेकॅनिक येतो, आत टॉर्च मारतो आणि सांगतो, ''तुम्ही आत ॲसिड घातलंय, हे वॉरंटीत बसत नाही.'' द्रावणाच्या कंपनीला फोन लावावा, तर तिथून गोड आवाजात उत्तर येतं, ''बाटलीचे दीडशे रुपये परत करतो.'' बहुतेक घरांत प्रकरण इथेच मिटतं. वास्तविक ते इथून सुरू व्हायला हवं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. १९८६च्या जुन्या कायद्यात नसलेलं एक प्रकरण त्यात आलं, उत्पादन दायित्वाचं. सदोष वस्तूमुळे तुम्हाला हानी झाली, तर ती बनवणारा भरपाईला जबाबदार. यातली 'हानी'ची व्याख्या नीट ऐका. त्या वस्तूचं स्वतःचं नुकसान या हानीत धरलेलं नाही. तिच्यामुळे तुमच्या दुसऱ्या मालमत्तेचं जे नुकसान झालं, ते धरलेलं आहे. म्हणजे दीडशे रुपये परत देऊन कंपनी मोकळी होत नाही. या प्रकरणाचा सगळा रोख तुमच्या मशीनवर आहे, बाटलीवर नाही.

सदोष कशाला म्हणायचं? माल बनवताना काही बिघडलं, रचनाच चुकीची होती, एवढाच त्याचा अर्थ नाही. कंपनीने दिलेली हमी खरी निघाली नाही, किंवा वापराच्या पुरेशा सूचना आणि चुकीच्या वापराबद्दलचा इशारा वेष्टनावर नव्हता, तरीही उत्पादक जबाबदार ठरतो. 'सर्व प्रकारच्या मशीनसाठी सुरक्षित' हे शब्द जाहिरातीचे वाटतात, पण ती हमी आहे. आणि हमी देताना आमच्याकडून काही निष्काळजीपणा झाला नव्हता, हा बचाव कायद्याने कंपनीला ठेवलेला नाही.

आता दुसरी बाजू. वस्तूचा गैरवापर झाला असेल, तर उत्पादक सुटतो. लेबलवर एक झाकण लिहिलंय आणि थर जाड आहे म्हणून तुम्ही अर्धी बाटली ओतलीत, तर दावा तिथेच लंगडा होतो. संडास साफ करायच्या द्रावणात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते मशीनमध्ये घालणं म्हणजे सरळ गैरवापर. नुसती त्याची सैल झाकणाची बाटली मशीनशेजारच्या फळीवर ठेवली, तरी तिच्या वाफेने पत्रा गंजतो, आणि लोक नंतर भलत्याच कंपनीवर चिडतात. स्टेनलेस स्टीलला गंज लागतच नाही, हा आपला लाडका गैरसमज आहे. क्लोरिनवाल्या ब्लीचने आणि या ॲसिडने स्टीलवर बारीक खड्डे पडतात. तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो, तो ॲल्युमिनियम खातो. एसीच्या कॉइलच्या पातळ पट्ट्या आणि बऱ्याच मशीनमध्ये ड्रमला मागून धरणारा सांगाडा ॲल्युमिनियमचाच असतो. तो सांगाडा आतल्या आत झिजतो, आणि कपडे पिळताना मशीन धडधडायला लागेपर्यंत काही कळत नाही. अशा वेळी समोरचा वकील म्हणणारच, ''हे वयोमानाने झालंय.''

म्हणून दावा पुराव्यावर तरतो, आणि पुरावा नेमका आपणच कचऱ्यात टाकतो. ती बाटली टाकू नका. तळाशी चार बोटं द्रावण उरलं असेल, तर ते तसंच ठेवा. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल, तर ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. फी तक्रारदाराला भरावी लागते, पण रिकामी बाटली पाठवून काय निघणार? लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढा. बॅच नंबर, उत्पादनाचा महिना, उत्पादकाचा पत्ता हे सगळं वाचता आलं पाहिजे. कंपनीचा माणूस 'तपासायला नेतो' म्हणाला, तर थोडं द्रावण द्या, पोच घ्या, बाटली घरातच राहू द्या. मशीनचंही तेच. एक्स्चेंजच्या मोहात पडून ते भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवलंत, की उरतो फक्त तुमचा शब्द.

मेकॅनिकचा तो एक शब्द मात्र लेखी घ्याच. तो वॉरंटी नाकारतो, कारण त्याच्या मते गंज रसायनामुळे आलाय. त्याच्या तोंडून हे ऐकताना राग येतो, मान्य आहे, पण द्रावणाच्या कंपनीविरुद्ध तुमच्या कामी येणारं वाक्य तेच आहे. हे लोक जॉब शीटवर नुसतं 'ड्रम बदलणे' असं लिहून मोकळे होतात. त्याला थांबवा, चहा द्या आणि कारण लिहायला लावा. कुठला भाग, कशामुळे खराब झाला, बदलायला किती खर्च, खाली सही आणि तारीख.

मग द्रावणाच्या कंपनीला पत्र. वेष्टनावर ग्राहक तक्रारीसाठीचा पत्ता, फोन आणि ईमेल छापणं बंधनकारक आहे, तिथेच लिहा. पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्हीकडून जाऊ द्या. रागाचे दोन परिच्छेद नकोत. काय वापरलं, कसं वापरलं, काय बिघडलं, किती पैसे हवेत आणि किती दिवसांत, एवढं पुरे. बरोबरीने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, मध्यस्थी करते. पण तिथून विचारणा झाली की काही कंपन्या लवकर हलतात.

नाही हलल्या, तर जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला आपण अजून ग्राहक मंचच म्हणतो. इथे एक गोष्ट अनेक वकिलांच्याही लक्षात येत नाही. तक्रार कुठल्या आयोगात जाणार आणि फी किती पडणार, हे भरपाईच्या मागणीवर ठरत नाही, तर वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं. तुमची वस्तू म्हणजे ती बाटली. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी शून्य आहे. तेव्हा फीच्या धास्तीने मागणी कमी करायचं कारण नाही. तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस कुठल्याही राज्यात असो. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र करा. मुदतीत निकाल लागतोच असं समजू नका. कायदा तीन महिने म्हणतो, नमुना तपासायचा असेल तर पाच, पण तारखा पडतात.

मागायचं किती? इथे लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. सात वर्षांच्या मशीनबद्दल नव्या मशीनची किंमत मागितली, की उरलेल्या खऱ्या मागणीवरही शंका येते. दुरुस्तीचं कोटेशन लावा. दुरुस्ती शक्य नसेल, तर मशीनचं वय पाहून आजची किंमत धरा. मधल्या काळात कपडे बाहेर धुवायला दिले असतील, तर त्या पावत्या आणि तक्रारीचा खर्च जोडा. मालमत्तेच्या नुकसानीपोटी झालेल्या मानसिक त्रासाची भरपाईही मागता येते, फक्त आकडा वाजवी ठेवा.

दारावर येणारं सुटं फिनाईल आणि फरशीचं ॲसिड यांचं काय? लेबल नाही, बिल नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. उत्पादक कळतच नसेल, तर कायदा विकणाऱ्याला धरतो. पण हातगाडीवरचा माणूस पुढच्या आठवड्यात कुठल्या गल्लीत असेल, हे त्यालाही ठाऊक नसतं. ऑनलाइन मागवलेल्या मालाचं बिल मात्र उघडून पाहा, विक्रेत्याचं नाव त्यावर असतं. तक्रारीत उत्पादक, विक्रेता आणि गरज पडली तर ऑनलाइन विक्रीची वेबसाइट चालवणारी कंपनी, तिघांनाही पक्षकार करा, म्हणजे 'तो मी नव्हेच' म्हणायला कुणी उरणार नाही.

आदेश तुमच्या बाजूने लागला आणि तरी पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला किमान एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. या अर्जाची नोटीस हातात पडली, की पुष्कळ कंपन्यांना धनादेशाचं पुस्तक लगेच सापडतं.