कानाचं यंत्र आणि डोक्यातली आठवण



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मेंदूवरचं संशोधन मी केवळ आवडीनं वाचते. त्यातली एकच गोष्ट आज सांगते, कारण ती इथे बसलेल्या दोन्ही पिढ्यांच्या कामाची आहे.

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं. हे साचणं विसरायला होऊ लागण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू झालेलं असतं. म्हणजे सत्तरीत दिसणाऱ्या आजाराची सुरुवात पन्नाशीत झालेली असू शकते. आपली बॅच आता कुठे पोहोचली आहे, ते तुम्हीच मोजा!

२०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि आपल्याला बदलता येण्याजोग्या १४ गोष्टींची यादी दिली. त्या सगळ्या आटोक्यात आणल्या, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज आहे. एकट्या-दुकट्या माणसाला यात कुठलीही हमी नाही, पण आकडा लहान नाही.

यादीतला रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, सिगारेट आपल्या ओळखीचे आहेत. मी थबकले ती ऐकू कमी येण्यापाशी. त्याचा वाटा कोलेस्टेरॉलइतकाच मोठा, ७ टक्के मानला आहे. याचं एक स्पष्टीकरण असं देतात, की अस्पष्ट आवाजाचा अर्थ लावण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते. शिवाय ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्पांतून उठून जातो आणि एकटा पडतो. एकटेपणाही त्या यादीत आहेच.

माझ्या आईचं असंच झालं. विचारलं एक की उत्तर दुसरंच यायचं. नातेवाईक म्हणायचे, "आता हिला विसरायला होतंय." तपासणीत कळलं, तिला समोरच्याचं निम्मं बोलणं ऐकूच येत नव्हतं. यंत्र लावायला ती सहा महिने तयार नव्हती. "लोक म्हातारी म्हणतील," म्हणायची. आता तीच फोनवर मावशीशी तासभर बोलते.

यंत्रानं स्मृतिभ्रंश टळतो, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या ९७७ जणांवर तीन वर्षं चाचणी झाली. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्या गटात यंत्र वापरणाऱ्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. खरं चित्र एवढंच आहे, आणि माझ्या मते यंत्र लावायला तेवढं पुरेसं आहे.

म्हणून सर, बाई, तुम्हाला एक विनंती. चष्मा लावताना आपण लाजत नाही, मग कानाच्या यंत्राची लाज कशाला? ते कपाटातून काढा आणि रोज लावा. आणि आपण चाळिशीतल्यांनी रक्तदाब, साखर तपासायला जाताना एकदा कानही तपासून घ्यावेत.

त्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, लहानपणी शिक्षण कमी मिळणं. त्या बाबतीत आपण निश्चिंत आहोत, कारण ते काम तुम्ही तेव्हाच चोख करून ठेवलं आहे. त्याबद्दल तुम्हा सर्वांना नमस्कार.