हॅनोव्हरचा ठेंगणा कळस

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या जुन्या बाजारचौकात चौदाव्या शतकातलं विटांचं चर्च आहे, मार्क्टकिर्शे. मनोरा सुमारे 97 मीटर उंच, पण माथ्यावर उंच निमुळत्या कळसाऐवजी छोटीशी टोपी. बांधणाऱ्यांचा पैसाही संपला आणि दमही, असं जुनी नोंद सांगते. बायबलमध्ये माणसं गर्वाने आभाळाला भिडणारा बाबेलचा मनोरा बांधायला घेतात आणि तो अर्धवट राहतो; ती गोष्ट ठाऊक असलेल्यांना यात गंमत वाटावी!

सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी याच गर्वाला सर्व पापांचं मूळ म्हटलं. असमाधान त्याचंच भावंड. देवाने दिलेलं कमी आहे असं म्हणणारा स्वतःला देवाहून शहाणा समजतो.

याच हॅनोव्हरमध्ये तत्त्वज्ञ लायब्निझ 1676पासून 40 वर्षं राजघराण्याच्या नोकरीत होते. देवावर प्रेम असेल तर घडून गेलेल्याबद्दल कुरकुर नको, भविष्यासाठी मात्र हातपाय हलवावेत, असं त्यांनी 1686मध्ये मांडलं. लिहिणं सोपं! 1714मध्ये त्यांचे धनी, हॅनोव्हरचे शासक जॉर्ज, ग्रेट ब्रिटनचे राजे होऊन लंडनला गेले. लायब्निझना मागेच ठेवलं. आधी राजघराण्याचा इतिहास पुरा करा, असं बजावलं. तो अपुराच राहिला.

1716मध्ये ते वारले. अंत्यविधीला दरबारी मंडळी फिरकली नाहीत. नॉयश्टेटर चर्चमधल्या त्यांच्या कबरीवर लॅटिनमध्ये दोनच शब्द आहेत: लायब्निझच्या अस्थी.