कानोत्याची रोजनिशी आणि जुनी किटली

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर कानोता लागतं. तिथले ठाकूर अमरसिंह १८९८ पासून १९४२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, रोजनिशी लिहीत राहिले. तिचे ८९ खंड झाले. विषय जुन्या किटल्या ओळखण्याचा, आणि सुरुवात रोजनिशीने, याचं कारण आहे. जुन्या भांड्याचं अस्सलपण आपण त्याच्या अंगावर शोधतो. पण भांड्याच्या अंगावरून फार तर ते खोटं असल्याचं कळतं; ते खरं असल्याची खात्री तिथून मिळत नाही. ती मिळते कागदातून.

आधी अंगच पाहू, कारण निम्मी बनावट तिथेच पकडली जाते. जयपूरचं निळं भांडं साध्या कुंभारी मातीचं नसतंच. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक यांच्या लगद्याचं ते असतं. टवका उडालेल्या जागी पाहिलं तर आत पांढरट, रवाळ पोत दिसला पाहिजे. तिथे तांबडी माती निघाली तर पुढे बोलायचं कारणच उरत नाही. मग किटलीचं झाकण उचलावं. वर्षानुवर्षं वापरलेल्या किटलीत झाकणाची खालची कड आणि तोंडाची आतली कड या दोन्ही झिजतात, आणि एकीची झीज दुसरीशी जुळते. कानसेने किंवा पॉलिशकागदाने आणलेली झीज सगळीकडे सारखी असते, बोट जिथे कधी लागत नाही तिथेही. चहाच्या डागाचंही तसंच. खरा डाग तोटीच्या मुळाशी आणि गाळणीच्या भोकांत थरावर थर बसलेला असतो. चहात बुडवून काढलेली नवी किटली आतून एकसारखी रंगते. लोक सर्वांत जास्त भाळतात ते झिलईवरच्या बारीक तड्यांना, आणि तोच सर्वांत दुबळा पुरावा आहे. झिलई आणि अंग निवताना कमीअधिक आकसली की भट्टीतून निघाल्या दिवशीही तडे पडतात.

काळाचाही एक धागा हाती आहे. महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या कलाशाळेने एकोणिसाव्या शतकात ही कला जयपुरात रुजवली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ लोपली होती. चित्रकार कृपालसिंह शेखावत यांनी, हस्तकलांच्या पुरस्कर्त्या कमलादेवी चट्टोपाध्याय आणि जयपूरच्या गायत्रीदेवी यांच्या पाठबळाने, ती पुन्हा उभी केली. मधल्या पडत्या काळातलं म्हणून कुणी भांड्यांचा ढीगच समोर मांडला, तर शंका घ्यायला ही जागा पुरेशी आहे.

इथे कुणी म्हणेल, जाणकाराची नजर आहे की! नजर हवीच. पण चीनमधल्या यीशिंगचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा. तिथल्या जांभळ्या मातीच्या किटल्या जगभर नावाजलेल्या. १९३० च्या दशकात शांघायच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी जुन्या उस्तादांच्या किटल्यांच्या नकला करून घेतल्या, त्या पुढे स्वतःच थोर ठरलेल्या गू जिंगझोऊ यांच्यासारख्या कारागिरांकडून. नक्कल करणारा हात अस्सल हाताच्या तोडीचा असेल तर नजरेने काय पकडायचं? प्रयोगशाळेत गारगोटीच्या कणांवरून शेवटची भाजणी कधीची ते काढता येतं, पण त्या उत्तरात वर्षांची घटबढ इतकी असते की १८८५ आणि १९३० यांचा निवाडा होणं कठीण.

मग कागदच उरतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव दफ्तरं धुंडाळत हिंडले. अस्सल कागद कोणता आणि बनावट कोणता, हा वाद आपल्या इतिहासलेखनाला चांगला ठाऊक आहे. कागदही बनवता येतो, हा आक्षेप खराच आहे. सुटी पावती एका दुपारी तयार होते. पण चव्वेचाळीस वर्षांची सलग रोजनिशी, जिच्यातली माणसं आणि प्रसंग दुसऱ्या दफ्तरांशी ताडून पाहता येतात, ती कोण बनवणार? वस्तूची नोंद अशा जोडलेल्या कागदांत असेल, तरच तिचं वय सांगावं. बहुतेक घरांत असे कागद नसतात, हेही मान्य. म्हणून ती वस्तू खोटी ठरत नाही, अनिर्णित ठरते, आणि तिची किंमतही तशीच लावावी. भारतात १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची अशी कलावस्तू पुरावस्तू ठरते. व्यापाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा ‘सव्वाशे वर्षांची आहे, परदेशी पत्त्यावरही पाठवतो’ असं सांगणारा दुकानदार एक तर गिऱ्हाइकाला फसवतो आहे, नाहीतर कायदा मोडतो आहे.

वस्तू सुंदर आहे ना, मग वयाचं काय एवढं, असंही विचारलं जातं. मला हा प्रश्न सर्वांत जास्त खटकतो. ती सुंदर नवी किटली सांगानेरच्या किंवा कोट जेवरच्या एखाद्या कारागिराने घडवलेली असते. तिला जुनी म्हणून विकताना त्याचं नाव पुसलं जातं, आणि फरकाचा पैसा त्याच्याकडे जातच नाही. म्हणून नवं भांडं नवं म्हणूनच घ्यावं, आणि सांगून करवून घेत असाल तर झिलई चढण्याआधी कारागिराला बुडावर निळ्या रंगात आपलं नाव आणि साल लिहायला सांगावं. भाजल्यावर ती अक्षरं झिलईखाली पक्की होतात.